पोटातलं पाणी

तिच्याकडे गाडी शिकलेले आम्ही सगळे तिला ब्रेकबाई म्हणायचो. तोंडावर अर्थातच ‘मॅडम’. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाशी एक जादा ब्रेक होता आणि तो ती अशा बेताने दाबायची की शिकणाऱ्याला वाटावं, आपणच वेळेवर थांबलो. किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात तिचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. आत एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि दाराशी ती छोटी पांढरी गाडी. गाडीच्या चारी कोपऱ्यांवर शिकाऊ लोकांनी आपापल्या सह्या करून ठेवल्या होत्या, खांबांना आणि कठड्यांना घासून.

"क्लच हळू सोडा," ती म्हणायची. "झोपलेल्या माणसाच्या अंगावरून हात काढतो तसा. गाडी अशी चालली पाहिजे की पोटातलं पाणीसुद्धा हलायला नको."

पस्तिशी ओलांडलेली, उंच, खणखणीत आवाजाची बाई. तिचा नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या घरातली मागची खोली म्हणजे त्याचा कारखाना. तिथे गुलाबी मेणाचा वास, प्लास्टरचे साचे आणि तबकांत ओळीने मांडलेले जबडे. तो मुळात अबोल, त्यात दिवसभर बोळक्या तोंडांचे साचे हाताळायचे, त्यामुळे बोलायचं राहूनच जायचं. त्याची आई त्यांच्याजवळच राहायची. उभी हयात तिने थिएटरच्या तिकीट-खिडकीत काढली होती आणि बोलणंही तसंच झालं होतं, खिडकीएवढं आणि रोखठोक. "या घरात माणसं तीन आणि हसणारे जबडे चाळीस," ती म्हणायची.

हसण्यासारखं फारसं काही नव्हतंही. चार वर्षांपूर्वी ब्रेकबाईला दिवस गेले होते आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्यावर त्या घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. म्हणून या वेळी तिने पाचव्या महिन्यापर्यंत कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. ढगळ शर्ट घालून ती गाडीत बसायची. पोट सीटबेल्टच्या वर दिसायला लागलं तेव्हा किल्लीवाल्यानेच विचारलं, "मॅडम, गोड बातमी का?" आणि ती चक्क लाजली. लाजलेली ब्रेकबाई त्याआधी कुणी पाहिली नव्हती.

सगळं नीट चाललं होतं. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाले, बाळाची वाढ चांगली आहे, ठोके चांगले आहेत, पाणी चांगलं आहे. वाढ आणि ठोके तिने घरी येऊन सांगितले. पाण्याचं सांगायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. पाणी म्हणजे काय, ते असतंच की.

सातवा महिना लागला आणि एका सकाळी, बँकेतून निवृत्त झालेले एक काका चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायला शिकत असताना, तिला एकाएकी खाली ओलं लागलं. गरम, थोडंसं. तिला वाटलं, लघवी सुटली. बाळाचं डोकं मूत्राशयावर दाबतं, शिंकलं-खोकलं तरी थेंबभर सुटते, हे तिने ऐकलेलं होतं. काका घामाघूम होऊन हँडब्रेकशी झटत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. तिने पाय आवळून घेतले. तरी गळायचं ते गळतच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती पॅड लावायला लागली. सीटवर टॉवेल घडी करून ठेवला. कुणी विचारलं तर सांगायची, "एसीचं पाणी गळतं हो, मेकॅनिकला दाखवायचंय." इतरांना ‘घाबरू नका, चूक होते’ म्हणून दिवसातून दहादा सांगणारी बाई स्वतःच्या बाबतीत शरमेने अर्धमेली झाली होती. नवऱ्याला सांगायचं म्हणजे कसं सांगायचं? सासूला तर नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तिने एक उपाय शोधून काढला, जो त्या वेळी तिला मोठा हुशारीचा वाटला. तिने पाणी पिणं कमी केलं. सकाळी चहा, दुपारी दोन घोट, बस. ओठ सुकायचे, डोकं ठणकायचं, पण ओल काही थांबेना. बाळ हललं की आता कोपर किंवा टाच आतून टोकदार लागायची, जणू मधे काही अस्तरच उरलं नाही. ती मनाशी म्हणायची, दांडगं आहे. पँटचा पट्टा एक भोक आत गेला होता. त्याचाही अर्थ तिने आपल्या सोयीनेच लावला.

आठवडाभर हे असं चाललं. मग एका दुपारी सासूबाई न्हाणीघराच्या दारामागे काहीतरी शोधायला गेल्या आणि त्यांना तिथे एकाखाली एक वाळत घातलेले टॉवेल सापडले. ब्रेकबाई जेवायला घरी आली होती. सासूबाई टॉवेल हातात घेऊनच बाहेर आल्या.

"हे काय गं?"

"काही नाही आई. गाडीतले आहेत."

"गाडी आपली दाराच्या मागे कपडे वाळत घालते होय? खरं सांग."

ती खाली बघत म्हणाली, "लघवी सुटते."

"किती दिवस?"

"झाले असतील सात-आठ."

"आवरून धरता येते?"

"नाही."

"धरून धरत नाही ती लघवी कसली?" सासूबाईंनी टॉवेल नाकाशी नेला. ब्रेकबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हिला तर वासही नाही तसला. ऊठ. चप्पल घाल."

"आई, दुपारी दोन जण शिकायला येणार आहेत…"

"त्यांना चालत जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या आणि मागच्या खोलीकडे तोंड करून मुलाला हाक मारली. तो प्लास्टरने माखलेल्या हातांनी तसाच बाहेर आला. हात धुवायचंही त्याला सुचलं नाही. रिक्षात बसल्यावर ते प्लास्टर त्याच्या बोटांवर घट्ट होत गेलं आणि रुग्णालयाच्या पायऱ्या चढेपर्यंत तो ते दुसऱ्या हाताने खरवडत होता.

पहिल्यापासून तिला तपासणाऱ्या डॉक्टरबाई तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी तपासलं, कागदाची एक बारीक पट्टी आतल्या ओलीला लावली, पट्टी निळी झाली. मग सोनोग्राफी. अंधाऱ्या खोलीत पोटावर थंडगार जेल, आणि पडद्याकडे बघणारा सोनोग्राफीचा डॉक्टर एकही शब्द बोलेना. पोटाच्या एका भागात तो थांबला, दोन खुणा केल्या, सरकला. दुसऱ्या भागात थांबला. तिसऱ्या भागात बराच वेळ शोधत राहिला. चौथ्यात काहीच न करता त्याने तिच्या हातात टिश्यू पेपर दिला.

"पाणमोट फुटली आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पूर्ण नाही, वरच्या बाजूला कुठेतरी चीर गेली असेल. म्हणून थोडं थोडं गळतंय. ती लघवी नव्हती. बाळाच्या भोवतीचं पाणी होतं ते."

नवऱ्याने विचारलं, "किती उरलंय?"

"पोटाचे चार भाग धरायचे, प्रत्येक भागात पाण्याचा सगळ्यांत खोल कप्पा मोजायचा आणि चारींची बेरीज करायची. पाच सेंटिमीटरच्या खाली गेली की पाणी कमी म्हणतो, पंचवीसच्या आसपास पोचली की जास्त. तुमची बेरीज साडेतीन आहे."

"मग भरा ना," ब्रेकबाई एकदम म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "रेडिएटरमध्ये पाणी कमी झालं तर भरतो आपण. नळी घाला, सलाईन सोडा, काहीही करा."

"चीर असताना वरून ओतून उपयोग नाही. तितकंच बाहेर येईल, वर जंतू आत जातील." डॉक्टरबाई तिच्या शेजारी स्टुलावर बसल्या. "हे पाणी सुरुवातीला आईच्या शरीरातून येतं. पण आता अठ्ठाविसाव्या आठवड्यात ते बहुतेक बाळच करतं. बाळ ते पितं, लघवी करतं, पुन्हा पितं. श्वासाचा सरावसुद्धा त्या पाण्यातच करतं. पाणी छातीत घ्यायचं, सोडायचं. त्याने फुप्फुसं वाढतात. हातपाय हलवायला जागा मिळते, नाळ दबत नाही. तुमचं बाळ अजून पाणी करतंय. ते करतंय आणि इकडून ते गळतंय."

"मी पाणी पिणंच बंद केलं होतं," ती म्हणाली. "गळू नये म्हणून. मला वाटलं…"

नवऱ्याने तिच्याकडे वळून पाहिलं.

"त्याने पाणमोट फुटली नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण यापुढे तहानलेलं राहायचं नाही. आणि घरीही जायचं नाही. ताप, कळा, पाण्याला वास, बाळाचं हलणं कमी, यातलं काहीही झालं तर लगेच हाक मारायची. बाळ आत राहील तेवढं चांगलं. जंतू शिरले तर मात्र आत ठेवता येणार नाही."

बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं दिली गेली, अँटिबायोटिक सुरू झालं आणि ब्रेकबाई तीन खाटांच्या एका खोलीत आडवी झाली. सासूबाईंनी पिशवीतून तिचा कंगवा, चादर आणि स्टीलचा पेला काढून कपाटावर ठेवला. जाताना त्या म्हणाल्या, "तोंडचं पाणी पळालं असं पुष्कळदा ऐकलं होतं. पोटातलं पळालेलं पहिल्यांदाच बघते." कुणी हसलं नाही. त्या स्वतःही नाही. दाराशी जाऊन त्या परत आल्या, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि गेल्या.

शेजारच्या खाटेवर एक बेकरीवाली होती. पहिलटकरीण, गोल, हसरी, पोट इतकं मोठं की तिला कुशीवर वळायला नर्सची मदत लागायची. "जुळं का?" ब्रेकबाईने विचारलं.

"छे हो! एकच आहे. बाकी सगळं पाणी. माझी साखर वाढलीय ना, म्हणून बाळ सारखं मुततंय म्हणे. बेरीज तिसावर गेलीय." तिने ब्रेकबाईकडे बघितलं. "तुमची?"

"साडेतीन."

"अगं बाई. थोडं ओतू का तुमच्याकडे?"

ब्रेकबाई हसली, त्या खोलीत पहिल्यांदाच, आणि हसता हसता रडायला लागली. बेकरीवाली घाबरली, सॉरी सॉरी म्हणत राहिली. पण त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. एकीला पाण्याने श्वास घेता येईना, दुसरीचं पाण्यावाचून काळीज कुरतडलं जाई. देणाऱ्याने दोन्ही हातांनी दिलं होतं खरं, पण एकाच खाटेवर.

दर तीन-चार दिवसांनी तिला खाली सोनोग्राफीला नेत. आदल्या दिवशी ती जेवायचीच नाही, नुसतं पाणी ढोसायची. जगमागून जग. एकदा इतकं प्यायली की सगळं उलटून पडलं, आणि थोरल्या सिस्टर ओरडल्या, "अहो, तुम्ही काय टाकी आहात का? पाणी पोटात जातं, पिशवीत नाही. तहान लागेल तेवढं प्या, उगीच जीव काढू नका." तिला ते पटायचं आणि दुसऱ्या मिनिटाला ती पुन्हा पेला उचलायची. दुसरं करण्यासारखं तिच्या हातात काहीच नव्हतं. एकदा बेरीज पाचाच्या जवळ गेली. त्या दिवशी तिने नवऱ्याला फोन करून सांगितलं, तर तो "बरं" म्हणाला. पुढच्या वेळी आकडा दोनावर आला. ते सांगितलं तेव्हाही तो "बरं"च म्हणाला.

तो रोज संध्याकाळी यायचा. खुर्चीत बसायचा, नखांतलं प्लास्टर काढत राहायचा. डबा उघडायचा, डबा बंद करायचा. ब्रेकबाई दिवसभर छताकडे बघत पडलेली असायची. हललं तर पाणी जाईल म्हणून ती खोकलासुद्धा दाबून धरायची. प्रत्येक वेळी पॅड बदलताना रंग बघायचा, वास बघायचा. बाळ हललं नाही की काळजात धस्स, हललं की भीती, आता टाच लागून चीर मोठी होईल. जीव नुसता टांगणीला. आणि हा माणूस नखं कोरतोय.

"तू बोल ना रे काहीतरी," एक दिवस ती म्हणाली. "चांगलं नको बोलूस, वाईट बोल. पण बोल."

त्याने नखं कोरायचं थांबवलं. मग अगदी हळू म्हणाला, "मला वाटतं, गेलंच असं धरून चालावं. मागच्या वेळी आपण धरलं नव्हतं. या वेळी आधीच धरून ठेवलं तर… निदान तू तरी…"

तिने कपाटावरचा स्टीलचा पेला उचलला आणि फेकला. तो त्याच्या खांद्याला लागून भिंतीवर आदळला, पाणी त्याच्या शर्टावर आणि बेकरीवालीच्या चादरीवर उडालं. "चालता हो," ती ओरडली. "ते इथे लाथा मारतंय आणि तू त्याचं तेरावं घालतोस! पुन्हा तोंड दाखवू नकोस मला."

सिस्टर धावत आल्या. तो उठला, पेला उचलून जागेवर ठेवला आणि गेला. थोड्या वेळाने आया सांगत आली की तो जिन्यात पायरीवर बसून रडतोय, भिंतीकडे तोंड करून. ब्रेकबाईने कूस बदलली नाही.

तो त्यानंतर खरंच आला नाही. सासूबाई यायच्या. तिसऱ्या दिवशी तिच्या पायाला तेल चोळताना म्हणाल्या, "वाईट बोलला. मी त्याला घरात घेतलं नाही त्या दिवशी, बाहेरच बसवला. पण एक सांगते. मागचं गेलं ना तुझं, तेव्हापासून तो एक खोकं सांभाळून आहे. कपाटाच्या वर, मागच्या खोलीत. दुपटं आहे त्यात एक. तू बघू नयेस म्हणून मेणाच्या डब्यांच्या मागे ठेवलंय. धरून चालणारा माणूस दुपटं ठेवतो का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेकबाईने आयाला सांगितलं, त्यांना फोन करा, म्हणावं बोलावलंय.

तो यायच्या आधीच ताप आला.

सकाळचा चहा ती घेत होती आणि कप हातात थडथडायला लागला. आधी तिला वाटलं खोलीत गार आहे. मग दात वाजायला लागले. सिस्टरने थर्मामीटर लावला, नाडी बघितली, पॅड बघितलं आणि चेहरा गंभीर करून बाहेर गेली. पाण्याला वास येत होता. पोटावर पट्टे बांधून बाळाचे ठोके ऐकले, ते सुसाट पळत होते. मागून गाडी लागावी तसे.

डॉक्टरबाई आल्या. "जंतू आत गेलेत. आता थांबता येणार नाही. बाळ आतल्यापेक्षा बाहेर सुरक्षित आहे."

"एक आठवडा," ब्रेकबाई म्हणाली. तिने डॉक्टरबाईंचा हात धरला होता. "एकच आठवडा द्या. मी हलत नाही. खोकत नाही मी. अजून फुप्फुसं व्हायची आहेत ना त्याची? तुम्हीच म्हणालात. तीन दिवस द्या, दोन…"

"दोन तासही नाहीत माझ्याकडे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही एकतिसाव्या आठवड्यापर्यंत आणलंत. आता आम्हाला करू द्या. बाळ आडवं आहे, पाणी नाही म्हणून वळलंच नाही. ऑपरेशन करावं लागेल."

स्ट्रेचर लिफ्टपाशी आलं तेव्हा लिफ्टचं दार उघडलं आणि आतून नवरा बाहेर आला. तिला बघून तो जागीच थिजला. तिने हात पुढे केला. त्याने तो धरला आणि लिफ्टमध्ये उलटा चालत पुन्हा आत शिरला. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी तिला सोडताना तो म्हणाला, "मी इथेच आहे. मी कुठंही जात नाही."

कमरेखालचं सगळं बधिर, वर हिरवा पडदा. पडद्यापलीकडे ओढाताण चालली होती, दुखत नव्हतं, पण कळत होतं. मग कुणीतरी म्हणालं, "मुलगी." आणि शांतता. ती वाट बघत राहिली. बाळं रडतात, जन्मली की रडतात, एवढं तिला माहीत होतं. पलीकडे पावलांची घाई, नळीचा सूंऽऽ असा आवाज. "का रडत नाही?" ती विचारत होती. "का रडत नाही ती? सांगा ना कुणीतरी!" भूल देणारा डॉक्टर तिच्या डोक्याशी बसून म्हणत होता, करतायत, करतायत. मग एक आवाज आला. त्याला रडणं म्हणणं कठीण. दाराची बिजागरी हलावी तेवढा. आणि लगेच तो आवाज दूर नेला गेला.

तिने मुलगी पाहिली नाही. पाहिली ती नवऱ्याने, लहान बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या काचेतून. संध्याकाळी तो तिच्या खाटेशी आला आणि आपणहून बोलायला लागला. तो इतकं बोलू शकतो हे तिलाही माहीत नव्हतं. मुलगी सव्वा किलोची आहे. नाकात नळी आहे, यंत्र श्वास देतंय. केस आहेत, भरपूर. हाताचं बोट त्याच्या पेनच्या टोपणाएवढंही नाही. एक पाऊल आत वळलंय, मुडपल्यासारखं. जागा नव्हती ना आत, पाणी नव्हतं म्हणून तसंच दाबून राहिलं. डॉक्टर म्हणाले, ते नंतर सरळ करता येईल, आधी श्वास.

"आणि श्वासाचं काय म्हणाले?" तिने विचारलं.

"बघू म्हणाले."

पुढचे कितीतरी दिवस घरात हा एकच शब्द होता. ताप उतरला, टाके वाळले, तिला घरी सोडलं, मुलगी तिथेच. रोज सकाळी ती दूध काढून बाटलीत भरून न्यायची आणि काचेच्या पेटीच्या भोकातून हात घालून दोन बोटं मुलीच्या पाठीवर ठेवून बसायची. श्वास नळीवरून मास्कवर आला. ती घरी येऊन सासूबाईंना सांगतेय तोवर पुन्हा नळीवर गेला, छातीत जंतू झाले म्हणून. एकदा तर तिच्या डोळ्यांदेखत मुलगी श्वास घ्यायची विसरली. यंत्र किंचाळलं, नर्सने तळव्याला टिचकी मारली आणि मुलगी पुन्हा घ्यायला लागली, जसं काही झालंच नाही. ब्रेकबाई बाहेर येऊन बाकावर बसली. बेकरीवालीचा फोन आला होता, तिला मुलगा झालाय, चांगला साडेतीन किलोचा, साखरही उतरली. ब्रेकबाईने अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि तिला त्या बाईचा इतका मत्सर वाटला की स्वतःचीच किळस आली.

त्या बाकावरच एकदा डॉक्टरबाई भेटल्या. ब्रेकबाईने अनेक दिवस पोटात ठेवलेलं विचारलं. "पहिल्याच दिवशी आले असते तर?"

डॉक्टरबाईंनी उत्तर टाळलं नाही. "औषधं आठवडाभर आधी सुरू झाली असती. जंतूंना उशीर झाला असता कदाचित. कदाचित नसताही झाला. पाणमोट मला तेव्हाही शिवता आली नसती."

"म्हणजे माझी चूक आहे."

"ओलं लागलं की बाईने लगेच सांगावं, असं तुम्हाला कुणी कधी सांगितलं होतं? मी तरी सांगितलं होतं का, पाचव्या महिन्यात?" त्या उठल्या. "मीही नव्हतं सांगितलं."

त्याने ब्रेकबाईचं ओझं उतरलं असं नाही. पण निदान वाटून घेतलं गेलं.

मुलगी दोन किलोच्या आसपास आल्यावर घरी आली. यंत्रं नाहीत, नर्स नाही, तर घरात कुणी झोपेचना. तिघंही आळीपाळीने तिच्या छातीवर नजर लावून. मग पायाचं सुरू झालं. दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं सरळ करून प्लास्टर घालायचं, पुढच्या आठवड्यात काढायचं, पुन्हा घालायचं. जन्मभर प्लास्टर कालवणारा तिचा बाप त्या वेळी मात्र खोलीबाहेर जाऊन उभा राहायचा. त्याला ते बघवायचं नाही. आत मुलीला धरून बसायच्या सासूबाई, आणि बडबडत राहायच्या, "झालं झालं, हाऊसफुल्ल, हाऊसफुल्ल, पुढचा खेळ आठवड्याने."

आता ती तीन वर्षांची आहे. चालते, पळते. दमली की डावं पाऊल जरा आत पडतं. सर्दी झाली की थेट छातीत उतरते, आणि वर्षातून एकदा-दोनदा तरी मास्क लावायला रुग्णालयात जावंच लागतं. त्या दिवसांत ब्रेकबाई पूर्वीसारखीच वेडीपिशी होते, त्यात काही फरक पडलेला नाही. मोठी झाल्यावर छाती भरेल, असं डॉक्टर म्हणतात. बघू, असंही म्हणतात.

गाडी शिकवायला ती पुन्हा जायला लागली आहे. पण एक खोड तिला लागली. गरोदर बाई दिसली की ही सरळ जाऊन विचारते, ओळख असो वा नसो. ब्रेकबाईचा नवरा बरोबर असला तर तो चार पावलं मागे सरकतो आणि दुसऱ्याच दुकानाची पाटी वाचायला लागतो. परवा औषधांच्या दुकानात रांगेत पुढे एक तरुण मुलगी उभी होती, सातवा-आठवा असावा. ब्रेकबाईने तिच्या खांद्याला हात लावला.

"अगं, ओलं लागतं का गं तुला खाली?"

रांगेतले सगळे वळले. त्या मुलीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आता ही तोंडावर काहीतरी फेकणार, असं वाटलं.

"नाही हो काकू," ती म्हणाली. "कोरडी आहे मी. अगदी ठणठणीत कोरडी."

"मग बरंय," ब्रेकबाई म्हणाली. "लागलं तर थांबू नकोस हं. लघवी आहे की काय, याचा विचार तू करत बसू नकोस. डॉक्टरांना करू दे."

मुलगी हसली, आपल्या गोळ्या घेऊन गेली. ब्रेकबाईने लेकीच्या खोकल्याचं औषध मागितलं. लेक काउंटरची कड धरून लोंबकळत होती आणि घरी चल, घरी चल, म्हणून तिचा शर्ट ओढत होती.